उलट क्रमाने जोडावे

मोटारदुरुस्तीच्या इंग्रजी पुस्तिकांमध्ये एक वाक्य हमखास येते. एखादा भाग कसा काढायचा हे दहा-बारा टप्प्यांत सांगून झाले, की शेवटी 'जोडणी काढण्याच्या उलट क्रमाने करावी' अशा अर्थाची एक ओळ असते आणि प्रकरण संपते. ब्रिटनमधल्या हेन्स पुस्तिकांमुळे ही ओळ इतकी परिचित झाली, की जुन्या गाड्यांच्या मंडळींत ती विनोद म्हणून सांगितली जाते. आम्हाला ती विनोदाहून अधिक काही वाटते. गद्याचा एक अख्खा प्रकार, त्याची गृहीतके आणि त्याला न दिसणाऱ्या जागा या एका ओळीत एकत्र सापडतात. साहित्याच्या वर्गात जाहिरातीचे, वृत्तपत्राचे, क्वचित पाकपुस्तकाचेही गद्य अभ्यासाला येते. यंत्रदुरुस्तीचे गद्य येत नाही. ते यावे असे आमचे म्हणणे आहे, आणि ते मांडण्यासाठी आम्ही मुद्दाम एक हट्टी उदाहरण घेत आहोत.

उदाहरण आहे डॅटसन २४०झेड या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनमधले बुश काढण्याचे. ही गाडी १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये जपानात 'फेअरलेडी झेड' या नावाने आली आणि १९७० पासून अमेरिकेत २४०झेड म्हणून विकली जाऊ लागली. सहा सिलिंडरचे २.४ लिटरचे इंजिन, लांब नाक, आखूड पाठ आणि सुमारे साडेतीन हजार डॉलर किंमत. युरोपीय स्पोर्ट्‌स कारचे सुख सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आणणारी गाडी अशी तिची ख्याती झाली. तिचे घराणे २६०झेड, २८०झेड असे वाढत १९७८ पर्यंत चालले. आज यातली सर्वांत तरुण गाडीही पंचेचाळिशी ओलांडून गेलेली आहे, आणि तिच्या मालकांना एकत्र आणणारा अनुभव वेगाचा असेलच असे नाही. मागच्या चाकाची स्पिंडल पिन न निघण्याचा अनुभव मात्र त्यांच्यात फार पसरलेला आहे.

रचना थोडक्यात समजून घेऊ, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. मागच्या प्रत्येक चाकाला खालून आधार देणारा एक दांडा असतो. मेकॅनिक त्याला 'आर्म' म्हणतात. त्याचे आतले टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते. बाहेरचे टोक दुबेळक्यासारखे असते आणि त्या दोन बेळक्यांच्या मधोमध चाकाचा भार घेणाऱ्या खांबाचा तळ बसतो. एक बेळके, मधला तळ, दुसरे बेळके अशा तिन्हींच्या आरपार एक लांब पोलादी पिन जाते. दोन्ही बेळक्यांत एकेक बुश असतो. बुश म्हणजे एकात एक अशा दोन पोलादी नळ्या आणि त्यांच्यामध्ये दोन्ही नळ्यांना पक्के चिकटवलेले रबर. पिन आतल्या नळीतून जाते. पिनेने मधल्या तळात फिरू नये म्हणून तिथे एक लहानशी पाचर-पिन आडवी ठोकलेली असते.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बुश हा फिरणारा भाग नाही. चाक खाली-वर होते तेव्हा आतली नळी पिनेसह जागच्या जागी राहते, बाहेरची नळी आर्मबरोबर हलते आणि मधले रबर पिळले जाते. भार हलका झाला की ते उलगडते. म्हणजे पिन आणि आतली नळी यांच्यात कसलीही हालचाल नाही. दोन पोलादी पृष्ठभाग वर्षानुवर्षे एकमेकांना टेकून निश्चल बसलेले, मध्ये केसाएवढी फट, आणि त्या फटीत रस्त्यावरचे पाणी, थंड प्रदेशात बर्फावर टाकलेले मीठ. गंज होतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो आणि फटीत तेवढी जागा नसते. 'पिन गंजून चिकटली' असे आपण सहज म्हणतो, पण ती चिकटलेली नसते. ती तिथे वाढलेली असते. झाडाची मुळी दगडाच्या भेगेत जाड होते तशी.

कारखान्याच्या पुस्तिकेने अशी पिन 'बाहेर काढावी' असे सांगणे चूक नाही. ज्या दिवशी ती पुस्तिका लिहिली गेली त्या दिवशी पिन खरोखरच बाहेर येत होती. पुस्तिकेतली गाडी नेहमी नवीन असते. तिला पाऊस माहीत नाही, आधीचा मालक माहीत नाही, आधीच्या मेकॅनिकने केलेली घाई माहीत नाही. वाक्ये आज्ञार्थी किंवा विध्यर्थी, कर्ता अध्याहृत, काळ कोणताच नाही. जॉन हेन्स यांनी १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवर पहिली पुस्तिका काढली ती हीच उणीव भरण्यासाठी, असे म्हणता येईल. त्यांची पद्धत अशी होती की खरी, वापरलेली गाडी पूर्ण सुटी करायची, प्रत्येक पायरीची छायाचित्रे घ्यायची, मग पुन्हा जोडायची आणि केले ते लिहायचे. म्हणजे लिहिणाऱ्याचे हात काळे झालेले असत. तरीही शेवटची ती ओळ त्यांच्या पुस्तिकांतून सुटली नाही. इतके सगळे हाताने करून पाहिलेल्या गद्यालाही शेवटी वेळ, गंज आणि भीती यांना जागा देता आली नाही, हे आम्हाला फार बोलके वाटते.

मग प्रत्यक्षात काय करावे लागते? खांब आणि आर्म एकत्रच गाडीखालून उतरवून बाकावर घ्यावे लागतात. या गाडीची पेट्रोलची टाकी मागे आहे आणि पुढे ज्योत वापरावी लागणार आहे, एवढे कारण पुरेसे आहे. आधी ती लहानशी पाचर-पिन. ती निघाल्याखेरीज मोठ्या पिनेवर कितीही घाव घातले तरी ते व्यर्थ. आणि ती स्वतःही गंजलेली असते. मग मोठी पिन. दोन्ही टोकांचे नट निघतात, आटे उघडे पडतात, आणि हातात हातोडा असतो. इथेच बहुतेकांचा घात होतो. उघड्या आट्यांवर हातोडा बसला की टोक अळंबीसारखे पसरते, आणि पसरलेले टोक ज्या भोकातून जायचे त्याहून रुंद होते. आता ती पिन ठोकून कधीच निघणार नाही. म्हणून जाणते लोक नट पुन्हा टोकाशी समपातळीत चढवून आटे झाकतात, किंवा ठोकत नाहीतच. आट्यांवर बसणारा पुलर लावून पिन ओढतात. गंज सोडवणारे पातळ तेल दिवसच्या दिवस, सकाळ-संध्याकाळ सोडत राहतात. उष्णता देतात ती पिनेला नव्हे, पिनेभोवतीच्या तळाला. १६ मिलिमीटरचे भोक ३०० अंशांनी तापवले तर ते मिलिमीटरच्या सुमारे सहा शतांशांनी मोठे होते. आकडा हास्यास्पद वाटतो, पण तेवढ्याने गंजाची पकड मोडू शकते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवणारा आपल्याकडचा लोहार हेच करीत असे: धाव तापवायची, फुगलेली असताना चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचे. त्याला बसवायचे होते, इथे सोडवायचे आहे; नियम एकच.

एवढ्यानेही पिन निघेना, तर ती कापावी लागते. बेळके आणि तळ यांच्यामधल्या फटीत करवतीचे पाते घालून दोन्ही बाजूंनी. पिनेचे तीन तुकडे होतात, आर्म मोकळा होतो, मधला तुकडा हायड्रॉलिक प्रेसखाली तळातून ढकलला जातो.

आणि बुश अजून तिथेच असतो. त्याचे रबर जाळून किंवा ड्रिलने पोखरून काढतात (जळत्या रबराचा धूर विषारी असतो, हे काम उघड्यावरच करायचे), म्हणजे आतली नळी गळून पडते. उरते ती बाहेरची पातळ नळी. ती आर्मच्या भोकात अशी बसलेली असते की पुष्कळांना ती भोकाचाच भाग वाटते. प्रेसने ती निघू शकते, पण आर्म पत्र्याचा घडवलेला असल्याने नीट आधार न देता दाब टाकला तर बेळकेच वाकते. म्हणून हॅक्सॉचे पाते काढून, भोकातून ओवून, पुन्हा चौकटीत बसवून नळीला आतून उभी चीर पाडायची. चीर नळीच्या जाडीइतकी खोल जायला हवी आणि तिथेच थांबायला हवी, कारण त्यापलीकडे आर्मचे स्वतःचे अंग आहे. कुठे थांबायचे? पात्याचा आवाज बदलतो. भुश्यात चकचकीत कणांबरोबर तपकिरी कण येऊ लागतात: नळी आणि आर्म यांच्यामधला गंज. तिथे थांबायचे, थोडे बाजूला दुसरी चीर द्यायची, आणि छिन्नीने मधली पट्टी आत वळवायची. नळीचा ताण जातो आणि ती हाताने उचलता येते.

इतका तपशील साहित्याच्या वाचकांपुढे ठेवण्याचे कारण सांगतो. रॉबर्ट पर्सिगचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) आपल्या महाविद्यालयांतही वाचले जाते, आणि त्यातला न निघणाऱ्या स्क्रूचा भाग तर अनेकांच्या ध्यानात असतो. अडणे ही मनाची एक मौल्यवान अवस्था आहे, तिथेच खऱ्या आकलनाची सुरुवात होते, हे त्यातले प्रतिपादन आम्हाला मान्य आहे. पण पुढे पर्सिगचा निवेदक अशा निष्कर्षावर येतो, की विशिष्ट उपाय कोणता हे फारसे महत्त्वाचे नाही. त्यात गुणवत्ता असली म्हणजे झाले. इथे आमचा विरोध आहे. उपाय कोणता हेच तर सगळे आहे. नट चढवून ठोकणे आणि नट न चढवता ठोकणे यांत मनाच्या अवस्थेचा फरक नाही, ज्ञानाचा फरक आहे; आणि ते ज्ञान सांगता येण्याजोगे असताना न सांगणे हा गद्याचा आळस आहे. हातांना जे ठाऊक असते ते सगळे शब्दांत येत नाही, हे मायकेल पोलान्यीने १९६६ च्या पुस्तकात मांडलेले सूत्र आपण फार लवकर पुढे करतो. पात्याचा आवाज बदलतो हे सांगता येते. तपकिरी कण सांगता येतो. सांगून संपल्यावर जे उरेल ते खुशाल अव्यक्त राहो.

आम्हा साहित्यवाल्यांची खोड अशी की हट्टी पिन दिसली की तिचे रूपक करायचे: नाते, परंपरा, स्मृती, अहंकार, जे हाताशी असेल ते. रूपक झाले की पिन दिसेनाशी होते. (वर आम्हीही मुळीची उपमा वापरली आहे, पण ती गंज कसा वागतो हे दाखवून बाजूला झाली, एवढी सवलत आम्ही स्वतःला देतो.)

आता मराठीकडे येऊ. असे गद्य लिहायला मराठी असमर्थ आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने आपल्या क्रियापदांकडे पाहावे. काढणे, उपसणे, उचकटणे, निखळवणे, सोडवणे, खरवडणे, ढिले करणे, खिळखिळे करणे: यातले एकही दुसऱ्याच्या जागी चालणार नाही. त्याहून महत्त्वाच्या आहेत त्या निघणे-काढणे, सुटणे-सोडवणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या. गॅरेजमधला माणूस 'मला पिन काढता येत नाही' असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, 'पिन निघत नाही'. कर्तेपण त्याने वस्तूला देऊन टाकलेले असते. आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही जेव्हा काही होत नाही, तेव्हा मराठीत एक खास रूप तयार असते: निघेना, सुटेना, हलेना. या 'ना'मध्ये केवळ नकार नाही. आधी केलेले प्रयत्न आहेत, गेलेला वेळ आहे, आणि वस्तूची जणू स्वतःची असलेली नामर्जी आहे. पुस्तिकेच्या कालरहित विध्यर्थात जे मावत नाही, ते या एका प्रत्ययात मावते. व्याकरणाच्या तासाला या रूपाची उदाहरणे देताना ती कधी गॅरेजमधून घेतली जावीत, एवढी साधी अपेक्षा आहे.

परंपराही नाही असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गाव-गाडा' (१९१५) गावातल्या कारू-नारूंची कामे आणि त्यांची भाषा किती बारकाईने टिपतो, हे ज्यांनी तो वाचला आहे त्यांना सांगायला नको. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक सांगून घरोघर पोहोचले. कृती सांगणारे गद्य मराठीला जमते आणि लोक ते प्रेमाने वाचतात, याचा आणखी पुरावा काय हवा? पण स्वयंपाकघराला जे मिळाले ते गॅरेजला मिळाले नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर नियमाप्रमाणे रस्त्यावरून गेल्या. तेव्हा निरोपाचे लेख पुष्कळ आले: मीटर, आतली रंगीबेरंगी अस्तरे, चालकांच्या आठवणी. त्या गाड्यांच्या पाट्यांचे बुश पावसाळ्यामागून पावसाळे बदलणाऱ्या माणसांना नेमके काय ठाऊक होते, हे आमच्या वाचनात तरी त्यांत कुठे आले नाही. हळहळ लिहिली गेली आणि ज्ञान तसेच गेले. हे नुकसान भावनेचे नाही. ज्या मुलांना आयटीआयमध्ये हेच काम शिकायचे आहे, त्यांना स्वतःच्या भाषेत वाचायला काही नसण्याचे आहे. विजेच्या गाड्या आल्या म्हणून हा प्रश्न सुटत नाही. इंजिन गेले तरी चाकाला दांडा राहतो, आणि दांड्याला बुश.

काढण्याबद्दल एवढे बोलल्यावर काय बसवायचे हा वाद टाळता येणार नाही. नवे बुश दोन प्रकारचे मिळतात: मूळच्यासारखे रबराचे आणि पॉलियुरेथेनचे. दुसरे अधिक कडक, अधिक टिकाऊ आणि बसवायला कितीतरी सोपे, कारण बहुधा ते दोन भागांत हाताने दाबून बसतात. गाडी वळणावर अधिक घट्ट वागते. पण ते रबरासारखे पिळले जात नाहीत. आतल्या नळीभोवती घसरत फिरतात, त्यामुळे त्यांना वंगण लागते आणि ते कमी पडले की कुरकुर सुरू होते. रस्त्याचा खरखरीतपणाही आत अधिक पोचतो. म्हणजे एका पदार्थाऐवजी दुसरा घातला की नुसता टिकाऊपणा बदलत नाही, सांध्याची काम करण्याची रीतच बदलते.

पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने, सुकथनकरांनी घालून दिलेल्या शिस्तीने, काय संहितेत राहील आणि काय तळटीपेत जाईल याचा निर्णय पानोपानी केला. गाळलेलेही टाकून दिले नाही, तळाशी आणि परिशिष्टांत ठेवले. ऐतिहासिक वाहनांसाठीही २०१३ मध्ये मंजूर झालेली ट्युरिन सनद आहे, आणि तिचा रोख जतनाला अग्रक्रम देण्याकडे आहे. पण साम्य फार ताणू नये. बुश हा झिजण्यासाठीच केलेला भाग आहे. तो संहितेतला शब्द नव्हे, फार तर शाई. तो कापून फेकल्याने काही हरवत नाही. आर्मला करवत लागली तर हरवते. आमचे मत विचाराल तर रस्त्यावर चालवायच्या गाडीत रबरच घालावे: ज्या अभियंत्यांनी स्प्रिंगा आणि शॉकअप ठरवले त्यांनी रबराचे पिळणे हिशेबात धरले होते. शर्यतीत उतरणाऱ्याने हवे ते घालावे, आणि काय घातले ते लिहून ठेवावे.

राहिले ते पहिले वाक्य. उलट क्रमाने जोडणी होते का? काढताना पिन कापली गेली; जोडताना ती नवी आहे. काढताना आग लागली. जोडताना पिनेला गंजरोधक ग्रीस लागते, जे काढताना कुठेच नव्हते, आणि ज्याचा उपयोग आज नाही, वीस वर्षांनी ही पिन पुन्हा काढणाऱ्या अनोळखी माणसाला आहे. काढताना पहिल्यांदा गाडी उचलून चाके लोंबती केली आणि मग नट सोडले. उलट क्रम पाळायचा तर आधी नट आवळायचे आणि मग गाडी खाली घ्यायची. तसे केले तर चाक लोंबत असतानाच्या स्थितीत रबर दोन्ही नळ्यांशी बांधले जाते, आणि गाडी जमिनीवर येताच कायमचे पिळलेले राहते. नवे बुश अल्पावधीत फाटतात. म्हणून नट हातानेच सैलसर लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, मागून चार वेळा दाबून हलवायची, ती आपल्या उंचीवर स्थिरावली की वाकून खाली जायचे, आणि मग पाना लावायचा.